पान आणि गोळी

दक्षिण थायलंडमध्ये रबराचा चीक काढणारा मजूर अंधार असतानाच घर सोडतो. निघताना परसातल्या झाडाची दोन-तीन ओली पानं तोडतो, मधली शीर ओढून टाकतो आणि उरलेलं पान दाढेखाली धरून चघळत चालू लागतो. चव कडूजहर. थोड्या वेळानं अंगात तरतरी येते, भूक मागे पडते, उन्हाचा जाच कमी वाटतो, कामाचा उरक वाढतो. दुपारी पुन्हा दोन पानं. या झाडाला तिकडे क्रॅटम म्हणतात. अमेरिकेत हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाला लागून जी दुकानं असतात, तिथे गल्ल्याशेजारी लायटर आणि एनर्जी ड्रिंकच्या बाटल्यांच्या रांगेत एक चकचकीत पाकीट दिसतं. त्यावर हिरव्या पानाचं चित्र असतं आणि ‘क्रॅटम’ हेच नाव असतं. आत मात्र पान नसतं. असतात त्या तीन-चार छोट्या गोळ्या, आणि त्यांतलं द्रव्य पानात इतकं अल्प असतं की ते कारखान्यात तयार करावं लागतं. पान आणि गोळी या दोन वस्तूंना एकच नाव देण्यानं शास्त्राची, कायद्याची आणि मुख्य म्हणजे खाणाऱ्या माणसाची फसगत होते आहे, असं माझं म्हणणं आहे. ‘क्रॅटम धोक्याचं आहे का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या रूपात, किती, किती वेगानं आणि किती दिवस, हे विचारल्यावरच तो पुरा होतो.

झाडाची ओळख आधी करून घेऊ. क्रॅटम कॉफीच्या कुळातलं आहे. थायलंड, मलेशिया, म्यानमार, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी इथल्या दमट, पाणथळ जमिनीत ते उंच वाढतं. मलेशियात त्याला केतुम म्हणतात. पीटर कोर्थाल्स या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात या प्रजातीला मित्रागायना हे नाव दिलं. फुलातल्या कुक्षीचा आकार त्याला ख्रिस्ती बिशपच्या टोपीसारखा वाटला होता. या प्रजातीतलं एक झाड आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राच्या पानझडी जंगलात दिसणारा कळंब तो हाच, कदंबासारखे गोल गेंद धरणारा. त्यातही अल्कलॉइड असतात, पण ज्यांच्यासाठी क्रॅटम विकलं जातं ती द्रव्यं कळंबाची ओळख नव्हेत. नातं आहे म्हणून गुण तोच असेल, असं समजून कोणी कळंबाची पानं चघळू नयेत.

क्रॅटमच्या पानात चाळीसहून अधिक अल्कलॉइड सापडले आहेत. त्यांतलं प्रमुख मायट्रागायनिन. एलेन फील्ड या संशोधक बाईंनी १९२१ मध्ये ते शुद्ध रूपात वेगळं केल्याचा अहवाल दिला. त्याच्या रेणूची रचना नक्की व्हायला १९६४ साल उजाडावं लागलं. दुसरं द्रव्य बरंच उशिरा, १९९४ मध्ये, थायलंडच्या पानांत सापडलं. मायट्रागायनिनच्या रेणूला सातव्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटली की ते बनतं, म्हणून त्याचं नाव ७-हायड्रॉक्सीमायट्रागायनिन. बाजारात त्याला ‘सेव्हन-ओएच’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. ताज्या पानात ते जवळपास नसतंच. पान वाळताना, हवेशी संयोग होताना थोडंफार तयार होतं. वाळक्या पुडीच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण दहा ते चाळीस मिलिग्रॅम, इतकं हे कमी आहे. बाजारातल्या एकेका गोळीत पंधरा, वीस, तीस मिलिग्रॅम सेव्हन-ओएच असतं. वीस मिलिग्रॅमची एक गोळी पानातून मिळवायची तर पन्नास ते दोनशे ग्रॅम वाळकी पूड गिळावी लागेल. पुडी घेणारा एका वेळी दोन-चार चमचे घेतो. जगातलं कुठलंही पोट दोनशे ग्रॅम क्रॅटम एका बैठकीत ठेवून घेणार नाही, ओकारी होईल. ही ओकारी, हा कडवटपणा, हा चोथा म्हणजे पानानं घातलेली मर्यादाच होती. गोळीनं ती काढून टाकली.

या द्रव्यांना अफूसारखी का म्हणतात? मॉर्फिन, हेरॉइन, कोडीन ही सगळी मंडळी आपल्या मज्जापेशींवरच्या ज्या विशिष्ट जागी बसून वेदना दाबतात, सुख देतात आणि श्वास मंदावतात, त्या जागेला म्यू रिसेप्टर म्हणतात. मायट्रागायनिन आणि सेव्हन-ओएच दोघंही तिथेच बसतात. किती जोरानं बसतात, हे जपानी संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला तपासलं. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा क्षारद्रावात टांगून त्याला विजेचे हलके झटके दिले की तो आकुंचन पावतो. त्या द्रावात अफूवर्गातलं द्रव्य मिसळलं की आकुंचनं मंदावतात. अफू खाणाऱ्याचं पोट साफ होत नाही, त्यामागचं कारणही हेच. या कसोटीत मायट्रागायनिन मॉर्फिनच्या साधारण पावपट भरलं, तर सेव्हन-ओएच मॉर्फिनच्या तेरापट. २००४ मध्ये याच मंडळींनी उंदरांना ते तोंडावाटे दिलं, तेव्हा वेदनाशमनातही ते मॉर्फिनला भारी ठरलं.

‘मॉर्फिनच्या तेरापट’ हे शब्द बातम्यांत वारंवार येतात आणि दोन्ही बाजू ते चुकीचे वापरतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. लवंगी मिरची एक टाकली काय किंवा साध्या मिरच्या पाच टाकल्या काय, आमटी तेवढीच तिखट होऊ शकते. पण ढोबळी मिरची टोपलीभर घातली तरी लवंगीचा तिखटपणा तिला गाठता येत नाही. पहिला फरक मात्रेचा, म्हणजे तोच परिणाम किती थोड्यात मिळतो याचा. दुसरा फरक कमाल मर्यादेचा, म्हणजे कितीही घेतलं तरी परिणाम कुठवर चढतो याचा. ‘तेरापट’ हा पहिला फरक आहे. त्याचा अर्थ सेव्हन-ओएच तेरापट अधिक माणसं मारतं असा होत नाही. मात्र पहिला फरक बिनमहत्त्वाचा आहे, असंही नाही. काही मिलिग्रॅममध्ये काम भागतं तेव्हा कारखान्यातल्या मिश्रणाची छोटी चूक, अर्धीऐवजी एक गोळी घेण्याचा मोह, दुसऱ्या कंपनीच्या पाकिटातली जास्त मात्रा या सगळ्यांचं ओझं थेट शरीरावर पडतं. पानात चूक करायला जागा मोठी होती. गोळीत ती नखाएवढी उरते.

गोळी विकणाऱ्यांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद इथे येतो आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. २०१९ मध्ये सिद्ध झालं की मायट्रागायनिन खाल्लं की आपलं यकृतच त्याचं सेव्हन-ओएच करतं, आणि उंदरांत वेदना कमी होतात त्या मुख्यतः या रूपांतरित द्रव्यामुळे. मग ते म्हणतात, शरीर जे स्वतःच बनवतं ते आम्ही तयार करून दिलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते वेगात. यकृतातलं जे एन्झाइम हे रूपांतर करतं त्याची क्षमता ठरलेली असते. ते मायट्रागायनिनचा थोडासाच भाग सेव्हन-ओएचमध्ये बदलतं, तेही सावकाश. पाटाच्या तोंडाशी फळी लावली की धरणात कितीही पाणी असलं तरी वाफ्यात ठरावीकच येतं. यकृत ती फळी आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या एका अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. मायट्रागायनिनची मात्रा वाढवत नेली तरी श्वास मंदावण्याचा परिणाम एका पातळीनंतर वाढेना, कारण सेव्हन-ओएचमध्ये होणारं रूपांतर तिथे अडत होतं. तयार सेव्हन-ओएच दिल्यावर अशी मर्यादा उरली नाही. म्हणजे क्रॅटमच्या पानाला जी थोडी सुरक्षितता आहे, ती ज्या यंत्रणेमुळे आहे तीच यंत्रणा गोळी ओलांडून जाते.

कोडीनचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. खोकल्याच्या औषधातलं कोडीन स्वतः दुबळं असतं. यकृत त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फिन करतं आणि काम त्या मॉर्फिननं होतं. काही माणसांचं यकृत हे रूपांतर फार झपाट्यानं करतं. अशा मुलांचे श्वास मंदावून मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देण्यास मनाई केली. शरीर कोडीनचं मॉर्फिन करतंच, तेव्हा पानाच्या ठेल्यावर मॉर्फिनच्या गोळ्या ठेवायला काय हरकत, असं कुणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? गोळीचा जन्म कसा होतो, तेही लक्षात घ्यावं. पानांतून सेव्हन-ओएच काढणं परवडत नाही, म्हणून मायट्रागायनिन काढून त्याचं रासायनिक ऑक्सिडीकरण करतात. अफूतून मॉर्फिन आणि मॉर्फिनवर प्रक्रिया करून हेरॉइन, ही जी वाट अफूनं तुडवली तीच ही. पाकिटावर हिरवं पान छापणं हे हेरॉइनच्या पुडीवर खसखशीचं फूल छापण्यासारखं आहे.

व्यसनाचा प्रश्न मात्रेहून थोडा वेगळा, पण इथे दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. एखादं द्रव्य व्यसन लावेल का, याचा अंदाज घ्यायला प्रयोगशाळेत उंदराला एक कळ देतात. ती दाबली की शिरेतून द्रव्याचा थेंब जातो. मॉर्फिन किंवा हेरॉइन असेल तर उंदीर कळ दाबत सुटतो. २०१८ आणि २०१९ च्या अशा प्रयोगांत मायट्रागायनिनसाठी उंदरांनी कळ दाबण्यात रस घेतला नाही. सेव्हन-ओएचसाठी घेतला. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की आधी मायट्रागायनिन दिलेल्या उंदरांची मॉर्फिनची ओढ नंतर कमी झाली, तर सेव्हन-ओएच दिलेल्यांची वाढली. एकाच पानातली, एकमेकांपासून एकाच ऑक्सिजन अणूचं अंतर असलेली ही दोन द्रव्यं व्यसनाच्या कसोटीत विरुद्ध टोकांना उभी आहेत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण ही कसोटी अफूवर्गातल्या द्रव्यांच्या बाबतीत आजवर बरीच खरी ठरली आहे.

इतकं वाचून पान निर्दोष आहे, असं वाटू लागलं असेल तर तो समज इथेच सोडावा. थायलंडमधल्या क्रॅटम खाणाऱ्यांवरचा एक अभ्यास १९७५ मध्येच प्रसिद्ध झाला होता. वर्षानुवर्षं पानं खाणारी ती माणसं रोडावलेली होती, गालांवरची कातडी काळवंडली होती, बद्धकोष्ठ कायमचा. त्याहून पक्का पुरावा मलेशियातला. पेनांगच्या सायन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी रोज केतुमचा काढा पिणाऱ्या २९३ जणांची पाहणी केली. ती २०१४ मध्ये छापून आली. सहा महिन्यांहून अधिक काळ पिणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांत अवलंबित्व तीव्र स्वरूपाचं होतं, उरलेल्यांत बहुतेकांचं मध्यम. काढा थांबवला की स्नायू आखडतात, अंग दुखतं, झोप लागत नाही, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहतं, जुलाब होतात, चिडचिड आणि उदासी येते. अफूची सवय तुटताना घराघरांत जे पाहिलं गेलं आहे, तेच हे, थोडं सौम्य. आणि या पाहणीत एक गोष्ट ठळक होती. दिवसाला तीन किंवा त्याहून अधिक ग्लास पिणाऱ्यांत तीव्र अवलंबित्वाची शक्यता जास्त होती. मात्रा वाढली की जखडण वाढते, हे पानाच्या काढ्यातही दिसतं. काढ्यात जे दिसतं ते कित्येक पट घट्ट केलेल्या गोळीत दिसणार नाही, असं मानायला आधार कुठला?

‘वनस्पती आहे, त्यात काय बिघडणार’ हा आक्षेप मराठी माणसाला फार समजावून सांगावा लागू नये. अफू बोंडातून येते, तंबाखू पानातून, धोतरा तर कुंपणाकडेला उगवतो. मुंबईच्या गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला झोपवून ठेवण्यासाठी अफूची बाळागोळी देत. ती देणाऱ्या आया दुष्ट नव्हत्या. लाचार होत्या, आणि गोळी ओळखीच्या दुकानातून येत होती. ओळखीचं आणि झाडापासूनचं म्हणून निर्धोक, या समजुतीची किंमत त्या मुलांनी मोजली. आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत पाठदुखी, झोप, ताण यांवर काहीतरी ‘हर्बल’ घेण्याची ओढ आहे. त्या शब्दावर आपला विश्वास आयुर्वेदामुळे आहे. पण आयुर्वेदातली द्रव्यं मात्रेनं, अनुपानानं आणि वैद्याच्या नजरेखाली दिली जात. पंपावरच्या दुकानात यांतलं काहीच नसतं.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे. ही द्रव्यं रिसेप्टरला पूर्ण चालना देत नाहीत, अर्धीच देतात. शिवाय ती पेशीतल्या एकाच मार्गाला जागं करतात, ज्या दुसऱ्या मार्गाशी श्वास मंदावणं जोडलं जात होतं त्याला शिवत नाहीत, असं २०१६ मध्ये दाखवलं गेलं. ही माहिती आशादायक होती, आहे. पण दुसऱ्या मार्गाला टाळलं की श्वास सुरक्षित राहतो, ही कल्पनाच पुढे डळमळली. याच तत्त्वावर बनवलेलं ऑलिसेरिडिन हे वेदनाशामक २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झालं, तेव्हा त्याच्या वेष्टनावर श्वास मंदावण्याचा आणि व्यसनाचा तोच ठळक इशारा छापावा लागला, जो मॉर्फिनवर असतो. आणि अर्धी चालना म्हणजे निर्धोक चालना नव्हे. अफूवर्गाचं व्यसन सोडवायला दिलं जाणारं ब्यूप्रेनॉर्फिनही अर्धीच चालना देतं. तरी ते दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतलं की जीव जाऊ शकतो. म्हणून तर डॉक्टर ते तोलूनमापून देतात. क्रॅटमच्या गोळीबरोबर किती बिअर घ्यायची, हे कुणी सांगत नाही.

मृत्यूंच्या आकड्यांबद्दलही प्रामाणिक राहायला हवं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७ या काळातले, ठरावीक राज्यांतले २७,३३८ अतिमात्रेचे मृत्यू तपासले. त्यांतल्या १५२ मृतांच्या शरीरात क्रॅटम सापडलं, ९१ मृत्यूंत ते कारणांपैकी एक मानलं गेलं, आणि फक्त क्रॅटमच सापडलं असे मृत्यू सात होते. बाकीच्यांत फेंटानिल, हेरॉइन, झोपेच्या गोळ्या अशी सोबत होती. हा आकडा लहान आहे, आणि पानाच्या बाजूनं बोलणारे तो पुढे करतात ते योग्यच आहे. मात्र तो त्या काळातला आहे जेव्हा बाजारात पूड आणि कॅप्सूल होत्या. सेव्हन-ओएचच्या गोळ्यांचा पूर नंतरचा आहे. पानाच्या काळातल्या आकड्यांवर गोळीला निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकत नाही. शिवाय नेहमीच्या लघवीतपासणीत ही द्रव्यं दिसत नाहीत. आणीबाणीच्या विभागात आलेला तरुण श्वास मंद, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या अशा अवस्थेत असेल आणि तपासणीत अफूवर्ग ‘नाही’ असं आलं, तर डॉक्टरच्या डोक्यात क्रॅटम यायला हवं. नालोक्सोन हा अफूवर्गावरचा उतारा द्यायला अशा वेळी मागेपुढे पाहू नये.

माझ्या मनाला खरोखर भिडतो तो आक्षेप वेगळाच आहे. हेरॉइनमधून किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी हजारो माणसांनी क्रॅटमचा आधार घेतला आहे. ही गोष्ट नवी नाही. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांनी १८९७ मध्येच ही पानं अफूचं व्यसन सोडवायला वापरतात, अशी नोंद केली होती. २०१० मध्ये उत्तर मलेशियातल्या १३६ केतुम पिणाऱ्यांच्या पाहणीतही अनेकांनी महागडं किंवा घातक व्यसन सोडण्यासाठी ते धरलं होतं. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आल्यापासून अमेरिकेत वेदनाशामक गोळ्यांनी जो हाहाकार केला, त्यात होरपळलेल्या माणसाला उपचारकेंद्राचा खर्च झेपत नाही, आपल्याला ‘व्यसनी’ म्हणतील ही भीती असते, आणि दुकानातली पुडी हाताशी असते. त्याची कुणी हेटाळणी करू नये. २०१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थ विभागानं मायट्रागायनिन आणि सेव्हन-ओएच दोन्ही सर्वांत कडक यादीत टाकायचं ठरवलं, तेव्हा इतक्या लोकांनी, आणि संसद सदस्यांनीही, विरोध केला की ऑक्टोबरमध्ये तो विचार मागे घ्यावा लागला. त्या विरोधात खोटं काही नव्हतं. पण ज्या माणसांसाठी आपण बोलतो आहोत, त्यांच्याच बाबतीत गोळी सर्वांत घातक आहे. हेरॉइन १८९८ मध्ये बायर कंपनीनं खोकल्याचं, सवय न लावणारं औषध म्हणून बाजारात आणलं आणि मॉर्फिन सोडवायला ते वापरलं गेलं. त्यातून काय झालं ते जग जाणतं. सौम्य पानाच्या आधारानं सावरलेल्या माणसाला त्याच नावाखाली कितीतरी पट तीव्र गोळी देणं म्हणजे तो चढून आलेल्या पायऱ्यांवरून त्याला पुन्हा खाली ढकलणं. त्याला खरी मदत हवी आहे ती ब्यूप्रेनॉर्फिनसारख्या, मात्रा माहीत असलेल्या औषधाची, आणि क्रॅटमच्या जखडणीवरही डॉक्टर हेच औषध यशानं वापरत आले आहेत.

तर मग सगळंच बंद करावं का? थायलंडनं १९४३ मध्ये ते करून पाहिलं. अफूवरच्या करातून सरकारला उत्पन्न होतं आणि लोक स्वस्त पानाकडे वळत होते, हे त्या बंदीमागचं कारण होतं, असं सांगितलं जातं. झाडं तोडली गेली, माणसं तुरुंगात गेली, पान चघळणं थांबलं नाही. उलट तरुणांनी पानाचा काढा, कोला आणि कोडीनचं खोकल्याचं औषध एकत्र करून ‘फोर बाय हंड्रेड’ नावाचं भलतंच पेय काढलं. अखेर २४ ऑगस्ट २०२१ रोजी थायलंडनं क्रॅटम अमली पदार्थांच्या यादीतून वगळलं आणि पुढच्या वर्षी अठरा वर्षांखालच्यांना, गर्भवतींना आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना विक्रीची बंदी करणारा वेगळा कायदा केला. हा फरक मला शहाणपणाचा वाटतो. क्रॅटम घेणाऱ्या आईच्या नवजात बाळाला सवय तुटण्याचा त्रास झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. २०२१ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनंही क्रॅटमला आंतरराष्ट्रीय यादीत टाकण्याच्या दिशेनं पुढचं परीक्षण करण्याइतका पुरावा नाही, नजर ठेवावी, असा निर्वाळा दिला. मलेशियात मात्र मायट्रागायनिन २००३ पासून विषद्रव्यांच्या कायद्याखाली आहे. इंडोनेशियात कापुआस नदीकाठच्या शेतकऱ्यांचा संसार या पानावर चालतो. पंपावरच्या गोळीचा राग त्यांच्या झाडावर काढण्यात न्याय नाही.

२९ जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सेव्हन-ओएच नियंत्रित द्रव्यांच्या यादीत घालावं अशी शिफारस केली, आणि पानावर आमचा रोख नाही, असं स्वच्छ सांगितलं. पुढच्याच महिन्यात फ्लोरिडा राज्यानं तातडीचा नियम करून त्यावर बंदी आणली. पान आणि गोळी यांत सरकारनं असा फरक केला, आणि तो योग्य ठिकाणी केला. पण काम पुरं झालेलं नाही. २०१९ पासून युटा आणि नंतर इतर राज्यांनी जे क्रॅटम ग्राहक संरक्षण कायदे केले, त्यांत सेव्हन-ओएच एकूण अल्कलॉइडच्या दोन टक्क्यांहून अधिक नसावं, असा नियम साधारणपणे आढळतो. टक्केवारीचा हा नियम अर्कापुढे तोकडा पडतो. मायट्रागायनिनचा अर्क शंभर-दीडशे मिलिग्रॅमच्या छोट्या बाटलीत भरला की टक्केवारी शाबूत राहते आणि मात्रा मात्र चघळलेल्या पानांच्या कितीतरी पुढे जाते. पहाटेच्या मजुरानं तासन्‌तास चघळून घेतलं असतं ते माणूस दोन घोटांत पितो. बंधन टक्क्यांवर नको, एका वेळी पोटात जाणाऱ्या मिलिग्रॅमवर हवं, आणि ते पाकिटावर मोठ्या अक्षरांत हवं.

यादीत एकेका रेणूचं नाव घालत जाण्याची दुसरी अडचण तर आत्ताच दिसू लागली आहे. सेव्हन-ओएच माणसाच्या रक्तद्रवात गेल्यावर त्यातून आणखी एक द्रव्य तयार होतं, मायट्रागायनिन स्यूडोइंडॉक्सिल. म्यू रिसेप्टरवर ते सेव्हन-ओएचहूनही जोरकस बसतं. पानात ते नसल्यातच जमा. सेव्हन-ओएचवर कारवाईची चर्चा सुरू होती तेव्हाच या नव्या नावाच्या गोळ्या दुकानांत येऊन दाखल झाल्या होत्या, आणि त्यांच्याही पाकिटांवर क्रॅटमचंच नाव होतं.